आधी पाणी मागावे

नरसिंहपुरात देवाची ओळख करून द्यायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, जिथे नीरा भीमेला मिळते आणि पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्हा लागतो, तिथे लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ आहे. प्रल्हादाने संगमावरच्या वाळूची मूर्ती करून पूजा केली ती इथेच, अशी गावाची श्रद्धा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. सख्ख्या बापाने छळले, कड्यावरून लोटले, आगीत बसवले, तरी ज्याने देवाचे नाव सोडले नाही त्या पोराची गोष्ट इथली आजी नातवाला घास भरवता भरवता सांगते. वारीच्या दिवसांत याच तालुक्यातून तुकोबांची पालखी जाते. बारामतीहून निघून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत ती नीरा ओलांडते आणि अकलूजला पोचते. ज्या मातीत भक्ती इतकी मुरलेली आहे, तिथे देवाविषयी काही सांगू पाहणाऱ्याने आधी थोडे थांबायला हवे.

अशा गावात एक ख्रिस्ती कुटुंब राहते असे समजा. बाई आरोग्य केंद्रात परिचारिका, नवरा साखर कारखान्यात फिटर, दोन मुले गावच्याच शाळेत. रविवारची उपासना तालुक्याच्या गावी किंवा बारामतीला, तीही ड्यूटी जमली तर. या कुटुंबाला एक प्रश्न आतून छळतो. येशू ख्रिस्तात आपल्याला जे सापडले, ज्याने आपले घर सावरले, ते शेजारच्या घरी कसे सांगावे? सांगू नये असे तर म्हणता येत नाही. जगभर जाऊन सांगा, ही येशूने शिष्यांवर सोपवलेली कामगिरी आहे, आणि ज्याला खरोखर काही गवसले त्याला ते मनात कोंडून ठेवणे जमतही नाही. पण सांगायचे कसे?

या प्रश्नाला दोन उत्तरे चटकन सुचतात. एक म्हणजे गप्प राहणे: आपला देव आपल्या घरात, उगाच कशाला विषय काढा. दुसरे म्हणजे मिळेल तिथे पत्रके वाटणे, कर्णे लावणे, भेटेल त्याला दोन वाक्यांत तारणाचा मार्ग ऐकवणे. पहिल्यात प्रेम थिजते, दुसऱ्यात माणूस दिसेनासा होतो. येशूची स्वतःची रीत या दोन्हींहून वेगळी होती. ती आपण पुष्कळदा वाचतो आणि तितक्याच वेळा तिच्यावरून पुढे निघून जातो. ती रीत अशी: ज्याला काही द्यायचे आहे त्याच्याकडे आधी काहीतरी मागावे. सांगणाऱ्याने आधी घेणारा व्हावे. या लेखात एवढेच एक म्हणणे मांडायचे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहा. येशू यहूदीयाहून गालीलाकडे निघालेला. वाट शोमरोनातून जाते. चालून दमलेला तो सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसतो. भर दुपार. शिष्य गावात खायला आणायला गेलेले. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे.

हे वाक्य किती मोठे आहे ते कळायला मराठी वाचकाला टीकाग्रंथ उघडावा लागत नाही. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातले पाणी पीत नसे. विटाळ होई. ही बाई तेच बोलून दाखवते: तू यहुदी, मी शोमरोनी बाई, आणि तू माझ्याकडे पाणी मागतोस? कोणी कोणाच्या घागरीतले पाणी प्यावे, कोणी वरून ओंजळीत ओतून घ्यावे, कोणाला पाणवठा बंद, हे ज्या समाजाने शतकानुशतके पाळले, आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्याला या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, त्या समाजाला या मागण्यातला धक्का बरोबर समजतो. वरच्याने खालच्याला पाणी दिले तर तो उपकार. वरच्याने खालच्याकडे पाणी मागितले की वर-खाली हेच मोडते.

पुढचे बारकावेही पाहावेत. येशूजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे, आणि ती बाई हे त्याच्या लक्षात आणून देते. देवाचा पुत्र म्हणून ज्याला आपण भजतो तो इथे एका अनोळखी बाईच्या दोरीवर आणि घागरीवर अवलंबून आहे. जिवंत पाण्याची गोष्ट यानंतर येते. आधी साधे, विहिरीचे पाणी, आणि तेही तिच्या हातचे. ते पाणी त्याला शेवटी मिळाले की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्याने मागितले एवढे मात्र नक्की सांगते, आणि त्या मागण्यातून बोलणे सुरू झाले.

ही एकच गोष्ट असती तर प्रसंगाचा भाग म्हणून सोडून देता आली असती. पण येशू हेच पुनःपुन्हा करतो. यरीहोत जकातदारांचा मुख्य जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसलेला असतो. सारे गाव त्याच्यावर थुंकते. येशू त्याला खाली बोलावतो आणि उपदेशाचा एक शब्दही न बोलता म्हणतो की आज मला तुझ्याकडे उतरायचे आहे. जक्कयाला तो पाहुणचार करण्याचा मान देतो. ज्याच्या घरचे कोणी खात नाही त्याच्या घरचे आपण खाणार, असे सगळ्यांदेखत जाहीर करतो. त्या जेवणाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी जक्कय उठतो आणि निम्मी मालमत्ता गरिबांना देऊन टाकतो.

लूकाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना गावोगाव पाठवतो, तेव्हाची आज्ञा तर स्पष्टच आहे. थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात उतराल तिथे पुढे येईल ते खा. म्हणजे सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाने जाणूनबुजून रिकामे निघायचे आणि ज्यांना सांगायचे त्यांच्याच भाकरीवर जगायचे. भरल्या हाताने गेलेल्याला यजमानाची गरज लागत नाही. रिकाम्या हाताने गेलेल्याला यजमानाची भाषा, त्याचे ताट, त्याची वेळ, त्याच्या घरचे दुखणे-खुपणे सगळे समजून घ्यावे लागते.

आणि प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्र. कैसरियातला रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी जाण्याआधी पेत्राला दर्शन होते, तेही खाण्याचे: जे देवाने शुद्ध केले त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. कर्नेल्याला पेत्राकडून येशू कळला हे खरेच. पण त्याच दिवशी पेत्रालाही काही कळले: देव तोंड पाहून पक्षपात करत नाही. सांगायला गेलेला शिकून आला. जो सांगायला जातो आणि काहीच न शिकता परत येतो, तो त्या घरात खरोखर शिरलाच नव्हता असे समजावे.

हे इतके स्पष्ट असताना महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीला ते अवघड का गेले? कारण आपल्याकडे सुवार्ता बऱ्याचदा देणाऱ्या हातातून आली. त्या हाताने शाळा दिल्या, दवाखाने दिले, दुष्काळात अन्न दिले. अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन असो की मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभे केलेले इस्पितळ असो, त्या कामाचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. अनेकांनी त्यात आयुष्ये झिजवली. पण देणारा नेहमी देणाराच राहिला की घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते, आणि त्याच्या श्रद्धेवर कायमचा डाग लागतो. मनापासून येशूकडे वळलेल्या माणसालाही गाव म्हणते, पोटासाठी बाटला. हा टोमणा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला त्यांनाच त्याची जखम माहीत. बहुतेकांच्या बाबतीत तो खोटा होता. पण तो मारायला जागा मिळाली ती एकतर्फी देण्यामुळेच.

याच भागातले एक उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. पालखी यवतहून वरवंडला निघाली की वाटेत चौफुला लागतो. तिथून जवळच केडगाव, पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. संस्कृतची पंडिता असलेली ही बाई 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेते, परत येऊन 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढते, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणते. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. 1893 मध्ये यावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी स्नेही माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

रमाबाईंच्या मनात कपट नव्हते. स्वतःच्या घरात दार लावून देवाला हाक मारायची हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते, आणि उघड्या दारात लपवाछपवी नसते हे त्यांचे म्हणणेही खरे होते. तरी पालकांच्या भीतीतला खरा भाग ख्रिस्ती माणसाने मान्य करायला हवा. ज्या मुलीचे जेवण, कपडे, शिक्षण, डोक्यावरचे छप्पर एकाच बाईच्या हाती आहे, तिच्यावर त्या बाईच्या श्रद्धेचा भार एक शब्द न बोलताही पडतो. तिचा होकार पूर्णपणे तिचा असतो का, हे तिलाही सांगता येणार नाही. म्हणून जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्याशी श्रद्धेविषयी सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जपून बोलावे. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. विहिरीवरचा येशू दुसऱ्या जागी उभा होता: बोलताना तहानलेला तो होता.

रमाबाईंनी पुढे जे केले त्यात मात्र घेण्याची मोठी साधना दिसते. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या केडगावी बसून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. पांडित्याची भाषा त्यांना कोणाकडून मागायला नको होती. तरी त्यांनी खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशी मराठी निवडली आणि मुक्तिसदनातल्या बायकांच्या हातून ते पुस्तक जुळवून छापवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झाले होते. त्या बायकांना देण्याचे पुस्तक त्यांनी त्या बायकांच्याच बोलीतून घेतले.

भाषा घेण्याची ही वाट मराठीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि इथली भाषा शिकला. 1616 साली राशोलला त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले: जवळजवळ अकरा हजार ओव्या, पुराणिकाने श्रोत्यांसमोर बसून सांगावे अशा. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राजसत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या होत्या, हे विसरून स्टीफन्सचे कौतुक करता येणार नाही. तो त्याच सत्तेच्या छायेत होता. पण चारशे वर्षांनी काय उरले ते पाहा. त्या सत्तेचे नाव आज कोणी प्रेमाने घेत नाही. ओवी मात्र मराठीच्या इतिहासात मानाने बसली आहे. जोराने दिलेले गेले आणि प्रेमाने घेतलेले राहिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात तर ही रीत दोन्ही बाजूंनी दिसते. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. गोऱ्या माणसाने नेटिवाला डब्यातून उठवण्याचा तो काळ. या गृहस्थाने टिळकांशी अदबीने वागून त्यांच्या आवडीचा, काव्याचा विषय काढला. बराच वेळ ते बोलत राहिले. मग त्याने येशूविषयी विचारले आणि निघताना नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच धरले गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तकाने काम केले हे खरे. पण एका मराठी कवीपुढे बराच वेळ श्रोता होऊन बसणारा माणूस आधी होता, म्हणून ते पुस्तक उघडले गेले.

आणि स्वतः टिळकांनी काय केले? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. नगरच्या मंडळीत त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टिळकांनी अभंग आणला, भजन आणले, टाळ आणले. आज मराठी मंडळीत रविवारी जी गीते म्हटली जातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. तुकोबांकडून घेतल्याशिवाय त्यांना येशूविषयी मराठीत गाताच आले नसते. मिशनच्या नोकरीतही त्यांना हीच बोच होती. 1917 साली त्यांनी ती सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही तिथे भाऊ म्हणून यावेत अशी त्यांची इच्छा होती. हाती जेमतेम दोन वर्षे उरली होती. 9 मे 1919 रोजी ते गेले.

घरात मात्र टिळकांना सगळ्यांत अवघड धडा मिळाला. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्यांच्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रांत, ते सगळे आहे. त्या पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही सुरुवातीला त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जगाला ख्रिस्त सांगणाऱ्या कवीला स्वतःच्या बायकोच्या चुलीपाशी थांबावे लागले, आणि तो थांबला. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटले. मग सोवळे सुटले आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याने अर्धवट ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पुढे त्यांनीच पुरे केले. ढकलून आणलेल्या माणसाच्या हातून असे काम होत नसते.

आता पुन्हा आपल्या परिचारिकेच्या घरी येऊ. तिने घ्यायचे म्हणजे काय? फार मोठे काही नाही. शेजारच्या काकूंकडे वाटीभर विरजण मागायला जावे. गावची रीत अशी की आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. त्या वाटीत पुढे चार शेंगा जातात, कधी नाताळच्या करंज्या जातात, दिवाळीला तिकडून चकली येते. विरजण मागायला गेलेली बाई चुलीपाशी टेकते आणि काकूंच्या सुनेला बाळंतपणात काय त्रास झाला, उसाचे बिल कधी जमा झाले, नवस का बोलला, हे ऐकते. पुष्कळ ख्रिस्ती घरांना अडीअडचणीला धावून जाणे जमते, पण अडचण घेऊन शेजाऱ्याकडे जाणे जमत नाही. आपले आपण बघू म्हणून ती दार लावून बसतात. ते दार उघडले पाहिजे. मुलगा तापाने फणफणला असताना रात्री मोटरसायकलवरून इंदापूरला नेणाऱ्या शेजाऱ्याचे उपकार ज्याने घेतले, त्याचे बोलणे तो शेजारी पुढे आपल्या माणसाचे बोलणे म्हणून ऐकतो.

घेण्यात श्रद्धाही आली. नृसिंहाच्या उत्सवात काकू न चुकता दरवर्षी काय मागतात, हे त्यांना विचारावे आणि मनापासून ऐकावे. वारीत सराटीच्या रस्त्यावर पाणी वाटायला उभे राहावे. त्या पेल्याबरोबर पत्रक देऊ नये. अटीचे पाणी हे पाणी नव्हे. द्यायचेच काही असेल तर दोन मिनिटांची सवड द्यावी आणि एखाद्या म्हाताऱ्या माउलीला विचारावे, किती वर्षे चालताय, काय मिळते? तिचे उत्तर ऐकून आपली प्रार्थना सुधारेल. अथेन्सला उभे राहिलेल्या पौलाने तिथल्या वेद्या हिंडून पाहिल्या होत्या, तिथल्या कवींचे शब्द त्याला पाठ होते, आणि मगच तो बोलला.

प्रसादाचे काय, हा प्रश्न इथे येतोच. मंडळीत यावर एकमत नाही आणि पौलाच्या काळीही नव्हते. करिंथकरांना लिहिताना तो म्हणतो की कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते विवेकासाठी काही न विचारता खावे, आणि हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. दोन्हीकडे त्याची नजर समोरच्या माणसावर आहे. ज्याला खाता येत नाही त्याने हात जोडून, तोंड न फिरवता, प्रेमाने नाही म्हणावे आणि त्याच घरची भाकरी मागून खावी. काकूंना नकारापेक्षा तिरस्कार लवकर कळतो.

इथे कोणी विचारील की मग ख्रिस्ताचे नाव घ्यायचे कधी? चांगले शेजारी तर सगळ्याच धर्मांचे असतात. प्रश्न रास्त आहे. नुसते चांगले वागून गप्प राहणे म्हणजे सुवार्ता सांगणे नव्हे. पेत्राच्या पहिल्या पत्रात याचे उत्तर आहे: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सांगायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने सांगा. म्हणजे आधी कोणीतरी विचारले पाहिजे. विचारावेसे वाटेल असे जगणे हे आपले काम, आणि विचारल्यावर न लाजता, न वाढवता, येशूचे नाव घेऊन स्वतःपुरते सांगणे हेही आपलेच काम. नवऱ्याची दारू कशी सुटली असे काकूंनी विचारले तर मंडळीने आणि प्रार्थनेने कसा आधार दिला ते सांगावे. डॉक्टरचे औषध होते, तेही सांगावे. तुमच्या देवाला आमच्यासाठी सांगा, असे कोणी म्हटले तर तिथेच, दोन वाक्यांत, त्यांना कळेल अशा मराठीत प्रार्थना करावी. बरे होण्याची हमी देऊ नये, गोळ्या बंद करायला सांगू नये. चमत्काराच्या नावाने फसवणूक करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे, आणि तो नसता तरी खोटी हमी देणे हे येशूच्या नावाला न शोभणारेच ठरले असते. आरोग्य केंद्रात अंगावर गणवेश असताना, खाटेवरचा रोगी आपल्या सुईकडे डोळे लावून असताना, हा विषय आपण होऊन काढूच नये. शारदा सदनाने शिकवलेले ते हेच.

ऐकणाऱ्याला या श्रद्धेची काय किंमत पडेल, हेही सांगणाऱ्याला ठाऊक हवे. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. या निकालावर ख्रिस्ती लोकांत बरीच नाराजी आहे. तरी विवेक हा ऐकणाऱ्याचा, हे त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आणि ज्या वस्त्यांतून महाराष्ट्रातली बरीचशी मंडळी आली तिथल्या माणसाला तर ही किंमत रोख मोजावी लागते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून आलेले नाहीत. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, भाऊबंदांतले स्थान हे सगळे ज्याला पणाला लावावे लागणार, त्याच्याशी बोलताना घाई करणे हे निर्दयपणाचे आहे. त्याला वेळ द्यावा. तो नाही म्हणाला तर त्याच्या घरचा चहा पूर्वीइतक्याच गोडीने घ्यावा.

नाही म्हणणाऱ्याशी मैत्री टिकते की नाही, यावर आपल्या सांगण्याचा खरेपणा ठरतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर धर्मगुरू राहिले आणि त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. पण वसईतली हिरवळ आणि पाणी राखण्याच्या लढ्यात ते उतरले तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या धर्माचा हे त्यांनी विचारले नाही. संतवाङ्मयावर त्यांचे प्रेम होते. 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा विरोध झाला तसे मराठी लोकांचे प्रेमही उदंड मिळाले. गावाचे दुखणे आपले मानणाऱ्याला गाव आपला मानते.

शोमरोनी बाईच्या गोष्टीचा शेवट आपण फारसा वाचत नाही. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना सांगते, तेही प्रश्नाच्या रूपात: माझे सगळे आयुष्य सांगणारा एक माणूस भेटला, हाच ख्रिस्त असेल का? तिने निर्णय दिला नाही, बोलावले. लोक आले आणि त्यांनी येशूला ठेवून घेतले. तो दोन दिवस त्यांच्या घरी राहिला, त्यांचे जेवला. मग ते लोक त्या बाईला म्हणाले की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. सुवार्ता सांगणाऱ्याला याहून मोठी पावती नाही. आपल्या सांगण्याची गरज संपावी आणि ऐकणारा स्वतःच्या पायावर देवासमोर उभा राहावा, मग तो काय ठरवील ते त्याचे आणि देवाचे.

नरसिंहपूरच्या काय किंवा कुठल्याही गावच्या ख्रिस्ती भावा-बहिणींना एवढेच विनवणे आहे. येत्या आठवड्यात शेजाऱ्याला काय सांगावे याची तयारी करू नका. त्याच्याकडे काय मागता येईल ते शोधा आणि संकोच न करता मागा. त्याने दिलेले आनंदाने घ्या. त्याने विचारले तर येशूचे नाव लपवू नका, आणि नाही विचारले तर जाणे-येणे थांबवू नका.